झील धरणारे

शाहिराचे नाव कवनाच्या अखेरच्या कडव्यात मुद्रा म्हणून येते. त्याच्यामागे उभे राहून झील धरणाऱ्यांची नावे मात्र कवनात नसतात, बाडात नसतात, आणि म्हणून वाङ्मयेतिहासातही सहसा नसतात. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री (१९१२–१९६७) याच्याविषयी वाचताना मला या झीलकऱ्यांची वारंवार आठवण होते. गिटार पाठीशी टाकून मालगाडीने देशभर हिंडणारा एकाकी भटक्या, ही गथ्रीची सर्वपरिचित प्रतिमा. ती रूढ होण्यात त्याच्या 'बाउंड फॉर ग्लोरी' (१९४३) या आत्मचरित्राचा वाटा मोठा आहे. त्या पुस्तकाचा आरंभ आणि शेवट दोन्ही मालगाडीवरच होतात. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास मात्र काही वेगळे सांगतो.

गथ्री १९४० च्या आरंभी न्यू यॉर्कला आला. त्याच वर्षी व्हिक्टर या बड्या कंपनीने त्याची 'डस्ट बाऊल बॅलड्स' ही मालिका मुद्रित केली. येथे तो खरोखरच एकटा आहे: एक गळा, एक गिटार, मध्येच तोंडाजवळ आलेली हार्मोनिका. कला म्हणून ही मुद्रणे थोर आहेत, पण त्यांचा खप बेताचाच झाला. पुढच्या वर्षी बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने कोलंबिया नदीवरील धरणांची गाणी लिहिण्यासाठी त्याला महिनाभर नेमले. वेतन २६६ डॉलर ६६ सेंट. महिन्याअखेरीस सव्वीस गाणी तयार होती. आश्रयदाता कंपनी असो वा सरकार, काम ठरवून दिलेले होते.

याउलट १९४१ च्या उन्हाळ्यात तो ज्या मंडळींत सामील झाला त्या 'अल्मनॅक सिंगर्स'ची रीत निराळी होती. पीट सीगर, ली हेज, मिलार्ड लॅम्पेल आणि येणारेजाणारे इतर कितीतरी जण ग्रीनिच व्हिलेजमधील घरात एकत्र राहत, एकत्र शिजवत आणि एकत्र गाणी रचत. घरभाडे भागवण्यासाठी ते गाण्याच्या बैठका भरवत. गाणे कोणाचे, हे सांगण्याचे ते हेतुपुरस्सर टाळत. श्रेय सगळ्या मंडळीचे. साहित्याच्या अध्यापकांना ही गोष्ट गैरसोयीची वाटेल, कारण कर्ता ठरला नाही तर टीपा कोणाच्या नावावर लिहायच्या? तरीही या सामूहिकतेचे फार गोडवे गाऊ नयेत. त्यांची युद्धविरोधी गाणी जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला करताच मागे घेतली गेली. मंडळी बाजारापासून मुक्त होती, पक्षाच्या धोरणापासून नव्हती.

माझ्या मते या इतिहासाचे मर्म एप्रिल १९४४ मध्ये आहे. गथ्री, त्याचा मित्र सिस्को ह्यूस्टन आणि जिम लाँगी हे तिघे तेव्हा व्यापारी जहाजांवर खलाशी होते. त्यांचे पहिले जहाज १९४३ मध्येच आघाताने जायबंदी झालेले. दोन सफरींच्या मधल्या सुट्टीत गथ्री आणि ह्यूस्टन न्यू यॉर्कमध्ये मोझेस आश याच्या लहानशा स्टुडिओत जाऊन गाऊ लागले. आश हा यिद्दिश कादंबरीकार शोलेम आश यांचा मुलगा, व्यवसायाने रेडिओतंत्रज्ञ. युद्धामुळे लाखेची टंचाई होती, म्हणजे मुद्रित केलेले सगळे विक्रीला येणे शक्यच नव्हते. तरी आश मुद्रित करीत राहिला. त्या एका महिन्यात दीडशेहून अधिक गाणी उतरली.

मुद्रण थेट तबकडीवर होई. फितीसारखी कापाकापी करण्याची सोय नाही; चूक झाली तर ती राहणार, किंवा नवी तबकडी घ्यावी लागणार. म्हणूनच ही मुद्रणे ऐकताना खोलीत बसल्यासारखे वाटते. ह्यूस्टनचा आवाज वरच्या पट्टीत गथ्रीला साथ देतो, अंध सनी टेरीची हार्मोनिका मध्येच उसळते. यांतली कितीतरी गाणी गथ्रीची नव्हतीच, परंपरागत होती. व्हिक्टरच्या मुद्रणात गथ्री एकटा होता. स्वतंत्र तो इथे, मित्रांच्या गर्दीत, झाला.

या स्वातंत्र्याची किंमत सगळ्यांनीच मोजली. आश कलावंताच्या हातावर थोडी रोख रक्कम ठेवी. रॉयल्टीच्या बाबतीत त्याची ख्याती चांगली नव्हती. त्याचा आधीचा व्यवसाय बुडाला आणि १९४८ मध्ये त्याने मेरियन डिस्टलरसह 'फोकवेज' सुरू केली. कोणतीही तबकडी सूचीतून काढायची नाही, वर्षाला चार प्रती खपल्या तरी नाही, हा त्याचा हट्ट. त्याच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये स्मिथ्सोनियन संस्थेने हा संग्रह घेतला तेव्हाही सर्व, म्हणजे २,१६८ ध्वनिमुद्रिका उपलब्ध ठेवण्याची अट होतीच.

या हट्टाचे फळ पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ठाऊक असावे. गथ्रीचे सर्वांत प्रसिद्ध गाणे 'धिस लँड इज युवर लँड' १९४० चे; त्याचे पहिले मुद्रण याच १९४४ मधले. शाळाशाळांतून गायल्या जाणाऱ्या पाठात खाजगी मालमत्तेवरचे कडवे नसते. ते गथ्रीने ध्वनिमुद्रित केलेच नव्हते, असा बरीच वर्षे समज होता. १९९० च्या दशकात जुन्या तबकड्यांचे हस्तांतर चालू असताना ते कडवे असलेले मुद्रण सापडले. कोणत्याही मोठ्या कंपनीने अशी न खपलेली तबकडी पन्नास वर्षे सांभाळली असती, असे मला वाटत नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत गथ्री, ह्यूस्टन आणि लाँगी यांचे आणखी एक जहाज नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ आघाताने निकामी झाले, तिघेही वाचले. पुढे हंटिंग्टन रोगाने गथ्रीचे हात आणि वाचा हळूहळू हिरावून घेतली. ह्यूस्टनची दृष्टी आधीपासूनच अधू होती. त्याला कर्करोग झाला. अखेरच्या काळात त्याने गथ्रीच्या गाण्यांची एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केली आणि एप्रिल १९६१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्या ध्वनिमुद्रिकेत झीलकरी पुढे उभा आहे. गथ्री तेव्हा रुग्णालयात होता.