गाथेची पहिली छपाई

दिंडीतली तरुण मंडळी विचारतात, बुवा, पहिल्या आवृत्तीला एवढी किंमत कशाला? शब्द तर तेच. आम्ही चौथी शिकलेले, नांगर धरून कीर्तन करणारे. तरी जुन्या पुस्तकांची पानं चाळून जे समजलं ते सांगतो.

छापखान्यात खिळे जुळवून पुस्तक पहिल्यांदा निघालं ती पहिली आवृत्ती. मजकूर तपासून, सुधारून पुन्हा छापला तर दुसरी. काही न बदलता नुसत्या प्रती काढल्या तर ते पुनर्मुद्रण. ही ओळख पुठ्ठ्यावर नसते, आतल्या पहिल्या पानावर असते. शके, सन, छापखाना, किंमत, आणि जुन्या पुस्तकांवर १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केल्याची ओळ. बांधणीवाले नेमकं तेच फाटकं पान काढून टाकतात. मग पोथीचं वय कोण सांगणार?

पण छापील पहिली म्हणजे मुळातली पहिली नव्हे. ज्ञानेश्वरी बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली शिळाप्रेसवर छापली. त्याच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, नाथमहाराजांनी ती शुद्ध करून ठेवली होती.

तुकोबारायांच्या गाथेचं तसंच. काही अभंग आधीही छापले गेले होते. पण विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हातच्या वह्या गोळा केल्या, ओळ ओळ ताडून पाहिली. मुंबई सरकारनं त्याला २४,००० रुपये दिले. त्या काळचे रुपये, बरं का. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भाग निघाले, साडेचार हजारांवर अभंग. तीच गाथा सरकारनं १९५० साली पुन्हा काढली, तिला आपण सरकारी गाथा म्हणतो.

आमच्या मते तिचं मोल जुनेपणात नाही. दोन वह्यांत शब्द वेगळा निघाला तिथं पंडितांनी एक खरा, दुसरा खोटा म्हणून पुसला नाही. कोणत्या वहीत काय आहे ते पानाच्या तळाशी बारीक टाइपात दिलं. पुढच्या कैक स्वस्त छपाईत हा तळ गाळला गेला. पाठभेदावरून वाटेत टाळ थांबतात, माणसं तोंड फिरवतात, ते त्यामुळंच. दोघांचाही शब्द बहुधा त्या तळाशी सापडतो.