लिंबूवर्गीय फळांची कूज : कारणशोधाचा इतिहास

लिंबूवर्गीय फळांची कूज : संत्रे, मोसंबे, कागदी लिंबू, पपनस इ. सिट्रस प्रजातीतील फळे झाडावर, वाहतुकीत वा साठवणीत सडतात, त्या विकारांना ही सामान्य संज्ञा आहे. कूज हा एकच रोग नव्हे. निरनिराळ्या सूक्ष्मजीवांमुळे उद्‌भवणाऱ्या आणि शेवटच्या अवस्थेत जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या अनेक रोगांचा तो समूह आहे. हे ध्यानात येण्यास सु. दीड शतकाचा काळ लागला.

कारण निश्चित करण्याचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ पासून नवी मुंबईतील वाशी येथे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भरतो. त्यापूर्वी तो महात्मा जोतिबा फुले मंडईत (क्रॉफर्ड मार्केट) भरत असे. नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील संत्री शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून येथे उतरतात. उतरलेल्या मालात सडकी फळे निघाली म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न बागायतदार, तोडणी करणारे मजूर, वाहतूकदार आणि अडत्या यांच्यामध्ये उभा राहतो. काही कुजींचा संसर्ग बागेतच झालेला असतो, काहींचा तोडणीच्या वेळी, तर काहींचा पेटीतील शेजारच्या फळापासून होतो. रोगकारक कोणता हे ठरले की नुकसानीची सुरुवात कोठे झाली हेही बहुतांशी ठरते. ते न ठरल्यास हवामानाला किंवा दैवाला बोल लावण्यापलीकडे काही उरत नाही.

प्रारंभीच्या कल्पना : सडलेल्या फळावर बुरशी दिसते, हे निरीक्षण पुरातन आहे; परंतु बुरशी हे कुजीचे कारण नसून फळ आपोआप सडल्याचा तो परिणाम होय, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. संत्र्यावरील हिरव्या बुरशीला क्रिस्त्यान पेरसून यांनी १७९४ मध्ये मोनिलिया डिजिटेटा असे नाव दिले होते. म्हणजे बुरशीचे नाव माहीत होते, पण तिचे कार्य माहीत नव्हते. फ्रेंच वैद्य कासिमीर दावेन यांनी १८६६ मध्ये फळांच्या कुजीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी फळाच्या सालीला जखम करून तीत बुरशीचे बीजाणू सोडले असता फळ सडते आणि साल अखंड असल्यास सहसा सडत नाही, असे त्यांनी दाखविले. संसर्गजन्य काळपुळी या जनावरांच्या रोगावरील कार्याबद्दल दावेन अधिक प्रसिद्ध आहेत. तथापि वनस्पतिरोगविज्ञानाच्या दृष्टीने हे प्रयोगही मूलगामी ठरले. पुढे रोबेर्ट कॉख यांच्या संप्रदायाने १८८०–९० या दशकात रोगकारक सिद्ध करण्याचे नियम घालून दिले : संशयित सूक्ष्मजीव रोगग्रस्त ऊतकात नेहमी आढळला पाहिजे, त्याचे शुद्ध संवर्धन करता आले पाहिजे, त्या संवर्धनाने निरोगी आश्रयात तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे आणि त्यातून तोच सूक्ष्मजीव पुन्हा मिळाला पाहिजे. फळांच्या कुजींचा पुढील सर्व अभ्यास याच चौकटीत झाला.

हिरवी व निळी बुरशी : पेरसून यांच्या कवकाला पिएर आंद्रेआ साकार्दो यांनी १८८१ मध्ये पेनिसिलियम डिजिटेटम हे आजचे नाव दिले. निळ्या बुरशीचे पे. इटॅलिकम हे नाव कार्ल वेमर यांनी १८९४ मध्ये दिले. दोन्ही रोगांत आरंभी सालीवर मऊ, पाणथळ ठिपका पडतो, त्यावर पांढरे कवकजाल पसरते आणि मध्यभागी रंगीत बीजाणूंची भुकटी जमते. हिरव्या बुरशीत भुकटीभोवतीचा पांढरा पट्टा रुंद, तर निळ्या बुरशीत अरुंद असतो. निळी बुरशी सडक्या फळाला लागून असलेल्या निरोगी फळात थेट शिरते. हिरवी बुरशी मात्र प्रायः जखमेतूनच शिरते. सालीतील तैलग्रंथी फुटल्यावर बाहेर पडणारी बाष्पनशील द्रव्ये या बीजाणूंच्या अंकुरणास चालना देतात. त्यामुळे जखम हे या कवकाला केवळ प्रवेशद्वार नव्हे, तर निमंत्रणच असते.

या जखमांचे आर्थिक महत्त्व कॅलिफोर्नियात उघड झाले. तेथून रेल्वेने पूर्वेकडे जाणारी संत्री मोठ्या प्रमाणावर सडू लागली, तेव्हा बागायतदारांनी रेल्वेच्या दिरंगाईला व बर्फाच्या अपुऱ्या पुरवठ्याला दोष दिला. अमेरिकेच्या कृषिखात्यातील जी. हॅरल्ड पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक हाताळलेली आणि नेहमीच्या रीतीने तोडलेली व भरलेली फळे यांची तुलना केली. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की कुजीचे प्रमुख कारण प्रवासात नसून तोडणीच्या कात्रीने झालेल्या बारीक जखमा, लांब राहिलेले देठ शेजारच्या फळात रुतणे आणि पेट्यांमधील आदळआपट यांत होते. कवक सर्वत्र असतेच; त्याला वाट मनुष्य करून देतो, असा या निष्कर्षाचा मथितार्थ आहे. बोथट टोकांच्या कात्र्या व तोडणीच्या वेळी हातमोजे ही त्याची व्यावहारिक फलश्रुती होय.

तपकिरी कूज : याच सुमारास कॅलिफोर्नियातील लिंबांवर एक वेगळीच कूज आढळली. फळ मऊ न होता चामड्यासारखे चिवट राही, साल मळकट तपकिरी होई आणि फळाला विशिष्ट उग्र वास येई. सालीवर जखमही दिसत नसे. राल्फ ई. स्मिथ व एलिझाबेथ एच. स्मिथ यांनी १९०६ मध्ये तिचे कारण असलेल्या नव्या सूक्ष्मजीवाचे पायथिॲसिस्टिस सिट्रोप्थोरा या नावाने वर्णन केले. हा सूक्ष्मजीव झाडाखालच्या मातीत राहतो, पावसाच्या उडालेल्या थेंबांबरोबर खालच्या फांद्यांवरील फळांवर पोहोचतो आणि फळे धुण्याच्या हौदातील पाण्यातून निरोगी फळांत पसरतो, असे आढळले. स्वच्छतेसाठी वापरलेला हौदच रोगप्रसाराचे साधन झाला होता. हॉवर्ड एस. फॉसेट यांनी १९१३ मध्ये लिंबाच्या खोडातून डिंक गळण्याच्या रोगाशीही याच सूक्ष्मजीवाचा संबंध दाखविला. फळ आणि खोड यांवरील दोन वेगळे वाटणारे रोग अशा रीतीने एका मुळाशी जोडले गेले. १९२५ मध्ये या जातीचा समावेश फायटॉप्थोरा प्रजातीत करण्यात आला. या प्रजातीची गणना पूर्वी कवकांत होत असे. आता ती त्यांहून भिन्न अशा ऊओमायसीट गटात करतात.

भारतातील संशोधन : भारतातील कारणशोधाची मुळे बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आहेत. तेथे ई. जे. बटलर यांच्या हाताखाली तयार झालेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ मध्ये एरंडाच्या रोपांवरील रोगातून फायटॉप्थोरा पॅरासिटिका ही नवी जाती वर्णिली. दस्तूर यांनी पुढे मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. एरंडावर सापडलेली हीच जाती पुढे संत्रा व मोसंबीच्या बागांची मोठी शत्रू ठरली. तंबाखूवरील रोगातून १८९६ मध्ये वर्णन झालेल्या फा. निकोशियानी या जातीहून ती वेगळी नाही, असे नंतर मानले गेल्याने आता तिला त्याच नावाने ओळखतात.

मुंबई इलाख्यात बी. एन. उप्पल व एम. एन. कामत यांनी लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगाचा अभ्यास करून तो १९३६ मध्ये प्रसिद्ध केला व त्याचा रोगकारक फा. पाल्मिव्होरा असल्याचे दाखविले. निकोशियानी व पाल्मिव्होरा यांतील भेद बागेत महत्त्वाचा ठरतो. पहिली जाती मुख्यतः मातीत राहून मुळे व बुंधा कुजविते आणि फळांपैकी जमिनीलगतच्या फळांना उपद्रव देते. दुसरीच्या बीजाणुधानी सहज सुटत असल्याने ती पावसाळी वाऱ्याबरोबर वरच्या फांद्यांवरील फळांपर्यंतही पोहोचते. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राने (आताची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था) विदर्भातील या रोगांचा पुढील अभ्यास केला आहे. आंबिया बहाराची फळे पावसाळाभर झाडावर असतात; त्यामुळे सततच्या पावसात तपकिरी कुजीचा धोका त्यांना विशेष असतो.

देठाकडील कूज : ही कूज देठाच्या तळाशी सुरू होऊन फळाच्या मध्यातून दुसऱ्या टोकाकडे जाते. लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी (पूर्वीचे नाव डिप्लोडिया नॅटॅलेन्सिस) आणि फोमॉप्सिस सिट्री ही तिची प्रमुख कारणे होत. बी. एफ. फ्लॉइड व एच. ई. स्टीव्हन्झ यांनी १९१२ मध्ये फ्लॉरिडात असे दाखविले, की देठाकडील एक कूज आणि पानांवर व सालीवर खरखरीत ठिपके पाडणारा मेलॅनोज रोग यांचे कारण एकच कवक आहे. हे कवक वाळलेल्या काटक्यांवर वाढते, फळाच्या देठाशी सुप्तावस्थेत राहते आणि फळ तोडल्यानंतर कार्यान्वित होते. बाजारात प्रकट होणाऱ्या या कुजीचा उगम म्हणून बागेत, अनेक महिने आधी झालेला असतो.

निदानातील अडचणी : तपकिरी कुजीने मेलेल्या सालीवर हिरवी बुरशी लवकरच वाढते आणि मूळ रोगकारक झाकला जातो. केवळ पृष्ठभाग पाहणारा निरीक्षक अशा वेळी तोडणी करणाऱ्याला दोष देईल आणि बागेतील माती निर्दोष ठरवील. यासाठी नमुना कुजीच्या मध्यातून न घेता निरोगी व रोगट ऊतकांच्या सीमेवरून घेतात, त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करतात व पोषक माध्यमावर संवर्धन करतात. मातीतील फायटॉप्थोरा मिळविण्यासाठी लिंबूवर्गीय पानांचे तुकडे माती कालविलेल्या पाण्यात आमिष म्हणून ठेवतात. अलीकडे डीएनए क्रमांवरून जाती ओळखतात. तथापि नमुना चुकीच्या ठिकाणाहून घेतल्यास नवी पद्धतीही चुकीचेच उत्तर देते.

एका जुन्या निरीक्षणाचा उलगडाही या संशोधनातून झाला. एच. एच. कझिन्झ यांनी १९१० मध्ये जमेका येथे असा इशारा दिला होता, की संत्री व केळी एकत्र ठेवल्यास संत्र्यांतून निघणाऱ्या वायूने केळी अकाली पिकतात. निरोगी संत्री एथिलीन वायू अत्यल्प सोडतात. हिरवी बुरशी मात्र तो मोठ्या प्रमाणात निर्माण करते, असे १९४० मध्ये दिसून आले. तेव्हा कझिन्झ यांच्या निरीक्षणामागे संत्री नव्हे, तर त्यांवरील बुरशी असण्याचा संभव अधिक आहे. बंद पेटीतील एक सडके फळ शेजारच्या फळांना स्पर्श न करताही त्यांचे देठ वाळविते व देठाकडील कुजीस अनुकूल स्थिती निर्माण करते.

उपाययोजना : उपाय कारणानुसार बदलतात. हिरव्या बुरशीसाठी जखमा टाळणे, सडकी फळे वेगळी काढणे व शीतगृहात साठविणे. देठाकडील कुजीसाठी वाळलेल्या फांद्या छाटून जाळणे. तपकिरी कुजीसाठी पाण्याचा निचरा, खालच्या फांद्यांची छाटणी, बुंध्याला पाणी न लागू देणारी दुहेरी आळे पद्धत व बोर्डो मिश्रणाचा वापर उपयुक्त ठरतो. जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास अधिक सहनशील आहे. कवकनाशकांवर सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण बायफेनिल व थायाबेंडाझोल यांना न जुमानणारे हिरव्या बुरशीचे प्रकार आढळले आहेत. एका कुजीवरचा उपाय दुसरीवर बहुधा निष्फळ ठरतो. म्हणून औषध निवडण्यापूर्वी रोगकारक निश्चित करणे, हीच उपाययोजनेची पहिली पायरी होय.