मावशीचा रिपोर्ट आणि आतड्यातल्या बॅक्टेरियांची शंभर वर्षं

आजच्या भागाची सुरुवात माझ्या मावशीच्या एका व्हॉट्सॲप मेसेजने. मावशीला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, रोज मेटफॉर्मिनची गोळी घेते. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने आतड्यातल्या बॅक्टेरियांची टेस्ट करून घेतली. रिपोर्टवर लाल अक्षरांत आलं, तुमचे बॅक्टेरिया मधुमेही माणसांसारखे आहेत. खाली प्रोबायोटिकच्या डब्याची लिंक. आणि मावशीचा प्रश्न: "रोगाचं मूळ पोटात असेल तर ही गोळी कशाला रे? तशीही मेली गॅस करते. बंद करू का?"

मी "अगं थांब, दोन दिवस दे" एवढंच लिहिलं आणि वाचायला बसलो. वाचत वाचत पार १९०२ पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या तुकड्याला जाणारे मज्जातंतू कापून टाकले आणि मग त्या तुकड्यात आम्ल घातलं. वायरच कापली म्हटल्यावर निरोप जाणार कसा? तरीही तिकडे स्वादुपिंडातून रस पाझरायला लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. तो नेणाऱ्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा रसायनांसाठी 'हार्मोन' हा शब्द आणला. हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड नाहीतर पिंपल्स आठवतात. पण त्या शब्दामागचा प्रयोग आतड्याचा होता.

त्याच काळात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकॉफ आतड्यातल्या बॅक्टेरियांच्या मागे लागला होता. त्याचं म्हणणं, मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया अन्न कुजवतात, त्यातून विषं तयार होतात आणि माणूस म्हातारा होतो. उपाय काय, तर आंबवलेलं दूध. स्वतः रोज प्यायचा. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या वेगळ्याच कामासाठी, पण लोकांनी उचललं दही. युरोपात दह्याची लाट आली. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचा सर्जन तर याच विषाच्या भीतीने लोकांची मोठी आतडी कापून काढायचा! मेचनिकॉफ १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेला.

म्हणजे बघा, एका शहरात आतड्यातले हार्मोन, दुसऱ्या शहरात आतड्यातले बॅक्टेरिया. दोन्ही धागे जुळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

२००४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत अजिबात बॅक्टेरिया नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना साध्या उंदरांचे बॅक्टेरिया दिले. दोन आठवड्यांत अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, तीही आधीपेक्षा कमी खाऊन! शिवाय इन्सुलिनला दाद देणंही कमी झालं. मग २०१२ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी एक दुवा दाखवला. आपल्याला न पचणारा चोथा बॅक्टेरिया आंबवतात, त्यातून छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या 'एल' पेशी ती आम्लं ओळखतात आणि जीएलपी-१ हे हार्मोन सोडतात. हो, वजन कमी करायच्या इंजेक्शनांमध्ये ज्याची नक्कल असते तेच. फक्त शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं आणि सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे 'आमची पावडर म्हणजे नैसर्गिक इंजेक्शन' असं कुणी म्हटलं तर सरळ स्क्रोल करा.

माणसांवरही प्रयोग झाले. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ लोकांच्या विष्ठेतले बॅक्टेरिया नळीने लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सोडले. (जेवताना ऐकत असाल तर सॉरी.) सहा आठवड्यांनी इन्सुलिनचं काम सुधारलेलं दिसलं. २०१७ मधल्या पुढच्या अभ्यासात कळलं की १८ आठवड्यांनी तो फायदा उरत नाही.

आता मावशीच्या रिपोर्टकडे येतो. २०१२ मध्ये चीनमधल्या आणि २०१३ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासांनी सांगितलं की मधुमेहींचे बॅक्टेरिया वेगळे असतात. दोन्ही 'नेचर'मध्ये आले. पण दोन्हींत मधुमेहाचे ठसे मात्र एकसारखे नव्हते. २०१५ मध्ये ७८४ नमुने एकत्र करून पुन्हा तपासले, तेव्हा गोम सापडली. बऱ्याच रुग्णांना मेटफॉर्मिन चालू होतं आणि ज्याला मधुमेहाचा ठसा समजलं जात होतं, त्यातला बराचसा भाग त्या गोळीचा होता! आमच्या धंद्यात असं होतं: बग शोधायला आपणच कोडमध्ये काहीतरी टाकतो आणि मग त्याच्याच एरर बघून डोकं धरून बसतो.

सगळंच पुसलं गेलं नाही. गोळी न घेणाऱ्या मधुमेहींमध्येही ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवणारे बॅक्टेरिया कमीच निघाले. मात्र मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये एश्चेरिचिया हा गट वाढलेला दिसला, आणि मावशीच्या गॅसशी त्याचाही संबंध असू शकतो. त्याहून गंमत २०१७ मध्ये. मेटफॉर्मिन घेतलेल्या माणसांचे बॅक्टेरिया उंदरांना दिले, तर उंदरांची साखर जास्त चांगली आटोक्यात राहिली. म्हणजे जी गोळी मावशी बॅक्टेरियांसाठी बंद करायला निघाली होती, तिचं थोडं काम बहुधा बॅक्टेरियांमार्फतच चालतं.

मी मावशीला फोन केला. म्हटलं, "नमुना दिलास तेव्हा गोळी चालू होती?"

"रोजच घेते की."

"मग त्यांना सांगितलंस का?"

"कुणी विचारलंच नाही. फॉर्मवर औषधांचा रकानाच नव्हता."

गोळी चालू आहे. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी दिली, गॅस बराच कमी झालाय. रिपोर्ट मात्र तिने फाइलमध्ये नीट लावून ठेवलाय. पैसे मोजलेत म्हणते.