शत्रूच्या नाण्यांवर आपला शिक्का मारणारा राजा : गौतमीपुत्र सातकर्णी

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच, दुसऱ्या एका राजाने आपला शिक्का मारला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

राज्य हातचं गेलं होतं

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. पण इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात क्षहरात घराण्यातल्या क्षत्रपांनी त्यांचा मोठा मुलूख बळकावला. नाशिक, कार्ले, जुन्नर इथल्या लेण्यांत नहपानाच्या काळातले शिलालेख आहेत. समुद्री व्यापारातून पैसा येत होता. त्यामुळे कोकणातली बंदरं आणि तिथून वर येणारे घाट ज्याच्या हातात, त्याची तिजोरी भरलेली.

मग पारडं फिरलं

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. नाशिकच्या पांडवलेणीत त्याच्या राजवटीच्या १८व्या वर्षाचा लेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना दिल्याची आज्ञा त्यात आहे. ही आज्ञा त्याने लष्कराच्या विजयी तळावरून पाठवली होती. म्हणजे युद्ध जिंकल्यावर लगेच त्याने जमिनीचा कारभार हाती घेतला. आणि शत्रूची नाणी वितळवण्यापेक्षा त्यांच्यावरच त्रिकूट पर्वत आणि उज्जैन चिन्हाचा ठसा मारून ती पुन्हा चलनात आणली.

आईने कोरवून घेतलेलं चरित्र

त्याची सगळ्यात सविस्तर माहिती मिळते ती त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखातून. हा लेख नातू पुळुमावीच्या राजवटीच्या १९व्या वर्षी कोरला गेला. अश्मक, मूलक, सौराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, अवंती असे अनेक प्रदेश मुलाच्या ताब्यात होते, असं त्यात सांगितलं आहे. त्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायली, हे त्याचं प्रसिद्ध बिरुदही इथलंच.

अर्थात ही आईने केलेली स्तुती आहे. यादीतल्या प्रत्येक प्रदेशावर त्याची सत्ता किती घट्ट होती, हे त्यावरून ठरवता येत नाही. नहपानाच्या पराभवाचं मात्र तसं नाही. तिथे नाण्यांची भक्कम साक्ष आहे.

किती टिकलं?

त्याच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण तो पहिल्या शतकात धरतात, काही दुसऱ्या. पण इसवी सन १५०च्या सुमारास दुसऱ्या क्षत्रप घराण्यातल्या रुद्रदामनने जुनागढच्या लेखात, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचं लिहिलं आहे. गौतमीपुत्राने जिंकलेले उत्तरेकडचे बरेच प्रदेश तोवर पुन्हा क्षत्रपांकडे गेले होते. नाशिक आणि पैठणचा मुलूख मात्र सातवाहनांकडेच राहिला.