दिनविशेष : ११ नोव्हेंबर
मिठसागरची अखेरची झुंज

१८५९ : नगर जिल्ह्यात दोन वर्षे इंग्रजांशी झुंजलेले भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक सिन्नरजवळच्या मिठसागर येथे लढताना धारातीर्थी पडले. फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठले. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला. तोवर सिन्नर नगर जिल्ह्यातच होते.

भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसांत अधिकारी. १८५५ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. १८५७ मध्ये सरकारने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढताच त्यांनी नांदूर शिंगोटे गाव सोडले आणि सुमारे पन्नास साथीदारांसह पुणे-नाशिक रस्त्यावर मोर्चा धरला. ४ ऑक्टोबरला चालून आलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री भिल्लांच्या गोळीने ठार झाला आणि उठाव पसरला.

लढ्याला खरे वळण मिळाले ते कोळी पलटणीमुळे. कॅप्टन नटॉलने डोंगराची खडान्खडा माहिती असलेले कोळी जवान भरती केले. डोंगरच्या माणसांविरुद्ध डोंगरचीच माणसे उभी राहिली. जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळच्या चकमकीत भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला. तरीही ते शरण गेले नाहीत. सत्तावन्नच्या इतिहासात झाशी-कानपूरइतक्याच आदराने नांदूर शिंगोटे आणि मिठसागर ही नावे यायला हवीत.