राष्ट्रमूर्ती, सुवर्णनाण्यांवरील

राष्ट्राची कल्पना मानवी, बहुधा स्त्रीच्या, रूपात नाण्यावर अंकित करण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. ब्रिटनची ब्रिटानिया, फ्रान्सची मारियान व स्वित्झर्लंडची हेल्वेशिया या तिच्या ठळक मूर्ती होत. यांपैकी ब्रिटानिया प्रथम अवतरली, ती रोमन सम्राट हेड्रिअनच्या नाण्यांवर, अंकित प्रांताची मूर्ती म्हणून. १६७२ मध्ये इंग्‍लंडच्या तांब्याच्या नाण्यांवर तीच राष्ट्राभिमानाचे प्रतीक बनली. संग्राहक व गुंतवणूकदार यांच्यासाठी अमेरिकेने १९८६ पासून लिबर्टीची आणि ब्रिटनने १९८७ पासून ब्रिटानियाची सुवर्णनाणी काढली. त्यांची दर्शनी किंमत सोन्याच्या मोलापेक्षा पुष्कळच कमी असल्याने ती व्यवहारात फिरत नाहीत.

महाराष्ट्रातील सुवर्णनाण्यांची परंपरा मुख्यत्वे अक्षरांची आहे. शिवाजी महाराजांच्या होनावर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आढळतात. बीड जिल्ह्यातील वडवणीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या विसाव्या शतकातील अश्रफीवर मजकुराबरोबर चारमिनार दिसतो. राज्याची खूण म्हणून येथे मूर्तीऐवजी वास्तू आली. मानवाकृतीचे सोने लोकांच्या ओळखीचे झाले, ते व्हेनिसच्या डुकॅटमुळे. त्यावर नगररक्षक संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज (राज्यप्रमुख) असे. आकृतीवरून त्यास ‘पुतळी’ हे नाव पडले आणि त्याची माळ स्त्रियांच्या गळ्यात आली. संत व डोज कोण, याच्याशी लेणाऱ्यांस कर्तव्य नव्हते. सोन्याचा कस मात्र पारखून घेतला जाई. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये पाडलेल्या सॉव्हरिनवरील अश्वारूढ संत जॉर्जही असाच परका होता.

भारतमातेची प्रतिमा अवनींद्रनाथ टागोरांच्या १९०५ च्या चित्राने विशेष प्रसिद्धीस आली. ब्रिटानियाची आज कोणी पूजा करीत नाही. भारतमातेस मात्र देवीचे रूप आहे. अशा मूर्तीत सर्वधर्मीय नागरिक स्वतःस पाहू शकतील काय, हा खरा प्रश्न होय. ‘वंदे मातरम्’ संबंधीच्या वादात तो पुढे आला व १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्याची पहिली दोनच कडवी गाण्याची शिफारस केली. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसृत झालेल्या ५ व १० ग्रॅम वजनांच्या भारतीय सुवर्णनाण्यावर राष्ट्रमूर्ती नसून एका बाजूस अशोकचक्र व दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींची मुद्रा आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी निघालेल्या १०० रुपयांच्या स्मारक नाण्यावर सिंहासह वरदमुद्रेतील भारतमाता अवतरली. ते नाणे चांदीचे आहे.