यंत्राचे धनुष्य आणि माणसाचा नेम

धनुर्विद्येचे नाव काढले की आपले मन द्रोणाचार्यांच्या परीक्षेकडे धाव घेते. म्हणूनच कंपाउंड धनुष्य प्रथम पाहणारा रसिक नाक मुरडतो. टोकांना चाके, दोऱ्यांचे जाळे, नेमासाठी भिंग, बाण सोडावयास हाती खटका! 'ही विद्या कसली, हे तर यंत्र!' असे तो म्हणतो. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. इतिहास पाहिल्यावर ते मत आम्हांस सोडावे लागले.

हे धनुष्य सिद्ध केले अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या होलेस विल्बर ॲलन याने. १९६६ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. १९६९ साली ते मिळाले. साधे धनुष्य जो जो ओढावे तो तो जड होत जाते. याच्या चाकांची घडण अशी की, पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो आणि नेम धरावयास उसंत मिळते.

परंतु हाताला दिलेली ही सवलत नियमांनी डोळ्याकडून वसूल केली. अंतर ५० मीटरच, पण दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटरांचे. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुर्धराचा एक डाव गेला, तरी पुढचा त्याला नव्याने मांडता येतो. येथे पंधराही बाणांची बेरीज, कमाल १५०. सुटलेला गुण परत येत नाही.

आशियाई खेळांत हा प्रकार २०१४ साली इंचॉनला आला. पुरुषांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यात दिल्लीचा अभिषेक वर्मा इराणच्या इस्माईल एबादीकडून हरला. २०१८ साली जकार्ताला ही वैयक्तिक स्पर्धाच नव्हती. सुवर्णाची दुसरी संधी यावयास नऊ वर्षे लागली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझौला ती आली, तेव्हा समोर परका कोणी नव्हता; दोनच दिवसांपूर्वी ज्याच्या खांद्याला खांदा लावून सांघिक सुवर्ण मिळविले, तो नागपूरचा ओजस देवतळे होता. साताऱ्यात तयार झालेल्या या तरुणाने त्याच वर्षी ऑगस्टात बर्लिनला दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकाविले होते.

निकाल लागला १४९ विरुद्ध १४७. पंधरा बाणांत ओजसचा एकच गुण सुटला, वर्माचे तीन. १४७ गुण मिळविणाऱ्याचा हात कच्चा होता, असे कोण म्हणेल? तरीही त्याच्या वाट्याला पुन्हा रौप्यच आले.

चाके दोघांच्याही धनुष्याला होती. तेव्हा निकाल चाकांनी लावला नाही, हे उघड आहे. यंत्राने बाहूंची परीक्षा सौम्य केली आणि चित्ताची कठोर केली. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये या धनुष्याला प्रथमच जागा मिळावयाची आहे, तीही केवळ मिश्र जोड्यांच्या स्पर्धेत. द्रोणाचार्यांचा प्रश्न जुना झालेला नाही. 'तुला काय दिसते?' हे आजही विचारले जाते, आणि उत्तर आजही माणसालाच द्यावे लागते.